ओटावा ज्यांच्या जमिनीवर उभं आहे

ओटावात शाळेचा कार्यक्रम असो की महापालिकेची सभा, सुरुवातीला बहुतेक वेळा एक निवेदन होतं: ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, अल्गोंक्विन अनिशिनाबे लोकांची आहे आणि त्यांनी ती कधीही कुणाच्या स्वाधीन केलेली नाही. भारतातून नव्यानं आलेल्यांना तो उपचार वाटतो. पण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. कॅनडाची संसद ज्या टेकडीवर आहे, तिच्यासाठीसुद्धा अल्गोंक्विनांशी कधी करार झाला नाही.

ओटावा नदीला ते किची सिबी म्हणतात, म्हणजे मोठी नदी. तिच्यावर त्यांचा खरोखरच अंमल होता. आजच्या मॉरिसन बेटावर त्यांचा प्रमुख तेसुआ येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांकडून जकात घेई. १६१३ मध्ये शाम्प्लेन हा फ्रेंच दर्यावर्दी तिथं पोहोचला, तेव्हा तेसुआनं त्याला पुढे जायला होड्या दिल्या नाहीत आणि शाम्प्लेनला मागे फिरावं लागलं.

१७६३ मध्ये ब्रिटिश राजानं जाहीरनामा काढला की मूळ रहिवाशांची जमीन राजसत्तेशी रीतसर करार झाल्याखेरीज कुणी घ्यायची नाही. तरीही लाकडाचे व्यापारी आले, पाइनची जंगलं तुटली, वस्त्या पडल्या. अल्गोंक्विन आपल्या जमिनीसाठी १७७२ पासून सरकारकडे अर्ज करत राहिले. टोरांटोची आपली मंडळी पानगळीचे रंग बघायला ज्या अल्गोंक्विन पार्कला जातात, तो १८९३ मध्ये झाला आणि तिथं शिकारीला बंदी आली. ज्यांचं पोट त्या जंगलावर होतं, त्यांच्याच नावाचा तो पार्क आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

क्यूबेक प्रांतातल्या बॅरियर लेकच्या अल्गोंक्विन लोकांचं तर बघा. हजारो चौरस किलोमीटर रानात फिरणाऱ्या या समाजाला १९६१ मध्ये रॅपिड लेकला राखीव जागा मिळाली ती फक्त ५९ एकर. आसपासच्या जंगलतोडीत आपलं मत विचारलं जावं म्हणून त्यांनी रस्ते अडवले, तेव्हा कुठे १९९१ मध्ये कॅनडा आणि क्यूबेक सरकारांनी त्यांच्याशी करार केला. पुढे केंद्र सरकारनंच त्यातून अंग काढून घेतलं.

आता लढा चॉक रिव्हर या अणुसंशोधन केंद्राच्या गावचा आहे. तिथं ओटावा नदीपासून साधारण एका किलोमीटरवर किरणोत्सारी कचरा साठवायला जानेवारी २०२४ मध्ये परवानगी मिळाली. केबाओवेक हा अल्गोंक्विन समाज कोर्टात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल कोर्टानं निकाल दिला की त्यांच्याशी पुरेशी सल्लामसलत झालेली नाही. त्यावर अपीलही झालं. ओटावातल्या आमच्या नळाला याच नदीचं पाणी येतं. त्यांनी लढलेला हा खटला आम्हा इथल्या सगळ्यांचाच आहे, आणि तरी माझ्या ओळखीच्या मराठी घरांत त्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.