हिचे किती येतील?

घरात कोणाची तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार सापडते. कोणीतरी सांगतं की अशा गिटारींना लाखो रुपये मिळतात. मग माझ्या फोनवर फोटो येतो: पलंगावर, फुलाफुलांच्या चादरीवर आडवी ठेवलेली गिटार, अर्धा हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेलं वरचं टोक, फोटोबाहेर, आणि खाली एकच ओळ, ‘हिचे किती येतील?’ मी गिटारी दुरुस्त करतो, त्यांची खरेदी-विक्री करत नाही. त्यामुळे माझ्या सांगण्यात माझा काही डाव नसेल असं लोकांना वाटतं आणि प्रश्न येत राहतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी ते लिलावाचे आकडे डोक्यातून काढा. 2019 साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याची फेंडर कंपनीची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. त्या गिटारीचा नेक (मान), पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), ब्रिज (खाली तारा टेकतात तो भाग) असं बरंच काही गिल्मोरने वेळोवेळी बदललेलं होतं. एवढे फेरफार तुमच्या गिटारीत झाले असते तर तिची किंमत पार बसली असती. तिथे बोली लागली ती वाजवणाऱ्यावर. तुमच्या काकांनी सत्तरच्या सुमारास कुठल्या बीट ग्रुपमध्ये नाव काढलं असेल आणि तेव्हाच्या एखाद्या स्पष्ट फोटोत तीच गिटार, तेच ओरखडे आणि लाकडाच्या त्याच रेषा दिसत असतील, तर तो फोटो जपून ठेवा, त्याचे पैसे होऊ शकतात. ‘ही अमक्या संगीतकाराच्या रेकॉर्डिंगला वाजलीय’ असं नुसतं तोंडी सांगणं मात्र गिऱ्हाईक हसून ऐकतो आणि भाव आहे तोच देतो.

दुसरा गैरसमज दुर्मिळपणाचा. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या मूळ फ्लाइंग व्ही गिटारी 1958 आणि 1959 या दोन वर्षांत मिळून शंभराच्या आतच बाहेर पडल्या. तेव्हा त्या विचित्र आकाराला कोणी विचारत नव्हतं, आज तिची किंमत कोटींत आहे. याउलट साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे छोट्या कारखान्यांतून हाताने बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारी शोधायला गेलात तर त्याहून कमी सापडतील, पण त्यांच्यामागे धावणारं कोणी नाही. वस्तू एकच असली तरी चालेल, तिच्यासाठी भांडणारे निदान दोघे हवेत. आणि हो, हेडस्टॉकवर ‘गिब्सन’ लिहिलंय असं फोनवर सांगणाऱ्यांना मी नाव एकेक अक्षर करून वाचायला लावतो. पुष्कळदा ती कोलकात्याची गिव्हसन निघते. वाजवायला शिकण्यासाठी पिढ्यानपिढ्या वापरलेली, पण लिलावाची नव्हे.

खऱ्या परदेशी गिटारी आपल्याकडे आल्या कशा, हेही लक्षात घ्यावं लागतं. परवान्यांच्या काळात दुकानात जाऊन फेंडर घेणं हा प्रकारच नव्हता. बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी आणल्या, आखातातून आल्या, गोव्यात हिप्पींनी मुक्काम लांबवण्यासाठी आपल्या चीजवस्तू विकल्या त्यात काही गेल्या. त्यामुळे पावती जवळजवळ कधीच नसते. गिटारीचा जन्मदाखला गिटारीतच शोधायचा.

मला मनापासून आवडतं ते हेच काम. समजा तुमच्याकडे साठच्या दशकातली फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे. लोक आधी मागच्या पत्र्यावरचा नंबर वाचतात. त्याने अंदाज येतो, पण तो पत्रा चार स्क्रूंवर बसलेला असतो आणि चार स्क्रू कोणालाही काढता येतात. शिवाय कारखान्यात पत्रे खोक्यातून हाताला येतील तसे लावले जात, त्यामुळे नंबर आणि वर्ष यांची जोडी काटेकोर नाही. तारा सैल करून नेक सोडवला की त्याच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्का मारलेली तारीख दिसते. ती नेकची तारीख, अख्ख्या गिटारीची नव्हे. मग पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लास्टिकची पाटी, उचलून पॉट बघायचे, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणांखालचे गोल भाग. अमेरिकन पॉटवर आकडे कोरलेले असतात. 3046320 असं दिसलं तर पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, इथे स्टॅकपोल कंपनीचे. पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 1963. शेवटचे दोन आठवड्याचे, विसावा, म्हणजे मे महिना. 137 ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. नेक, पॉट आणि पिकअपच्या तारखा आसपासच्या निघाल्या आणि सोल्डरचे थेंब जुने, मळकट, न हललेले दिसले, की मला बरं वाटतं. सर्वांत उशिराची तारीख गिटारीचं वय ठरवते. त्यातही एक गंमत आहे. 1966 मध्ये फेंडरने पॉटचा एवढा मोठा साठा घेतला की 1969 च्या गिटारीतसुद्धा 66 चे पॉट सापडतात. म्हणून एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये.

वर्षावरून एवढा काथ्याकूट का, तर जानेवारी 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या गिटारी अधिक चांगल्या, असं बाजाराने ठरवून टाकलं आहे. मला विचाराल तर 1965 च्या कितीतरी गिटारी 1964 च्या एखाद्या सुस्त गिटारीपेक्षा सरस वाजतात. पण किंमत कानाने ठरत नाही, आणि विकताना माझ्या कानाचा तुम्हाला उपयोग नाही.

वयानंतर येतं मूळपण, आणि बहुतेक घरांत घात इथेच झालेला असतो. एखाद्या हौशी मामाने ऐंशीच्या दशकात गिटार गाड्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन ड्युको मारून आणलेली असते. चकाचक लाल. व्यापारातला ठोकताळा असा की मूळ रंग गेला की किंमत निम्मी झाली. जुनं तांब्याचं नाणं चिंचेने घासून लखलखीत करून सराफाकडे न्यावं, तसं हे आहे. रंग मूळ आहे की नाही हे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बऱ्यापैकी कळतं. जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नवा रंग तसा चमकत नाही. लेस पॉलसारख्या गिब्सन गिटारींमध्ये दुसरं दुखणं असतं. हेडस्टॉक मागे कललेला, नेक महोगनीचा, आणि नेकमधल्या सळईसाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरून काढलेलं. गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथेच मोडते. उत्तम चिकटवलेली असली, वाजवताना तसूभर फरक पडत नसला, तरी किंमत निम्म्यावर येते. आरशासमोर धरून, तिरक्या उजेडात ती चिकटवल्याची रेष शोधा. तुम्ही नाही शोधलीत तर घेणारा शोधेल.

बदललेल्या भागांमध्ये मी दोन गट करतो. जे परत पूर्ववत करता येतं ते आणि जे येत नाही ते. नवे ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या) जुन्याच भोकांत बसवले असतील आणि जुने डब्यात असतील तर नुकसान थोडं. नव्यांसाठी भोकं पाडली असतील तर ती कायमची. स्ट्रॅटोकास्टरमध्ये मोठा हंबकर पिकअप बसावा म्हणून लाकूड कोरण्याची एके काळी फॅशनच होती, त्याचे ओरखडे आजच्या किमतीवर दिसतात. नवे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवणं मात्र माफ असतं, कारण वाजलेल्या गिटारीचे फ्रेट झिजणारच. म्हणून माळ्यावरचा तो बिस्किटांचा डबा आधी शोधा. त्यात सुटे स्क्रू, पिवळं पडलेलं पिकगार्ड आणि ट्रेमोलोची (सूर हलवायची) दांडी सापडली तर ती गिटारीसोबत ठेवा. मूळ केस असेल तर उत्तम. आणि कृपा करून पॉलिश करू नका, गंजलेला भाग बदलू नका, ‘विकण्याआधी जरा नीट करून घेतो’ म्हणू नका. कोरडं फडकं फिरवा, बस.

एक उदाहरण देतो. वसईकडच्या एका कुटुंबात वडिलांनी बोटीवरून आणलेली स्ट्रॅटोकास्टर होती. हेडस्टॉकवर मोठ्या अक्षरांत फेंडर, टोकाला बारीक अक्षरांत स्क्वायर सिरीज. थोरल्याला ती अमेरिकन आणि अमूल्य वाटत होती. धाकट्याला कोणीतरी सांगितलं होतं की स्क्वायर म्हणजे शिकाऊ मुलांचा स्वस्त माल. पत्र्यावरचा नंबर जेव्ही या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे दोघांचंही चुकत होतं. फेंडरने 1982 मध्ये जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढली आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात जुन्या अमेरिकन मॉडेलांच्या इतक्या निगुतीने प्रतिकृती बनवल्या, की त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या जेव्ही मालाला आज स्वतःचे वेडे आहेत. बाहेरच्या बाजारात न बदललेली साधारण लाख-सव्वा लाखाच्या आसपास विकली जात होती. ट्युनर बदलून दोन जास्तीची भोकं, दांडी गायब, बाकी सगळं मूळ. मी तिथून पंधरा-वीस टक्के उतरवले. थोरला खट्टू झाला, धाकटा खूश झाला.

आता हे ‘विकली जात होती’ मी कुठून आणलं? इथे बहुतेक जण घसरतात. रिव्हर्ब किंवा ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर तुमच्यासारखी गिटार पाच लाखांना लावलेली दिसली, तर त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी पाच लाख मागतोय, आणि कदाचित वर्षभर मागतोय. विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव वेगळे बघता येतात, तेच बघा. वर्ष, रंग, फ्रेटबोर्डचं (नेकवर बोटं दाबतात त्या पट्टीचं) लाकूड आणि अवस्था जुळतील असे चार-पाच व्यवहार काढा, त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून द्या. जपानी गिटार असेल तर जपानमधले भावही बघा, तिथे ती बरेचदा स्वस्त असते, आणि तुमच्या गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं.

यातून जो आकडा निघेल तो तुमच्या हातात पडणारा नाही. दुकानदाराने रोख घेतली तर पुढच्या विक्रीच्या अंदाजाच्या पन्नास-साठ टक्के देईल. त्याला शिव्या घालू नका, त्याचं भाडं, हमी आणि सहा महिने भिंतीवर टांगून ठेवणं त्यात आलं. थेट वाजवणाऱ्याला विकलीत तर जास्त मिळेल, पण आपल्याकडे जुन्या गिटारीचे पैसे मोजणारे मूठभर. परदेशी विकायची तर दलाली, विमा, पाठवणी वजा करा आणि लाकूड तपासा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच अमेरिकन गिटारींचे फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचे आहेत. हे झाड 1992 पासून साइटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय सीमेपार पाठवता येत नाही. आपल्या शिसवीवरही 2017 मध्ये निर्बंध आले होते, पण 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

म्हणून मी एक किंमत सांगत नाही, तीन सांगतो: आज दुकानात दिली तर, चार-सहा महिने थांबून इथेच विकली तर, आणि परदेशी पाठवली तर सगळं वजा जाता. भावाभावांत वाटणी असेल तर मधली धरा. दुकानाची धरली तर गिटार ठेवून घेणाऱ्याचा फायदा, परदेशाची धरली तर पैसे घेणाऱ्याचा.

कोणी मला गिटार सुटी करून विकावी का असंही विचारतं. जुने पिकअप वेगळे विकले तर चांगले पैसे येतात, हे खरं आहे. रंग गेलेल्या, मोडलेल्या गिटारीचे सुटे भाग कधीकधी अख्ख्या गिटारीहून जास्त देतात. मी ते काम करत नाही. तुम्हाला करायचं असेल तर दुसरा माणूस शोधा.

तेव्हा फोटो पाठवायचे असतील तर दिवसाच्या उजेडात, चादर काढून पाठवा. पूर्ण गिटार पुढून आणि मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, नंबर, नेक आणि बॉडीचा जोड, फ्रेट जवळून, केस उघडी आणि बंद. पिकगार्ड काढायची सवय नसेल तर काढू नका, ते माझ्यासमोर काढू. आणि डब्यात जे काही सापडेल ते टेबलावर पसरून त्याचाही एक फोटो.