होही नाही, नाहीही नाही

यंदा इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावच्या मित्रमंडळींत नाताळच्या पार्टीला एक नियम सगळ्यांनी न ठरवता पाळला: बारावीतल्या मुलाच्या आईबापांना कॉलेजप्रवेशाचं ‘कुठे झालं?’ असं विचारायचं नाही. वांग्याचं भरीत कसं झालंय ते विचारा, घरकर्जाचे व्याजदर विचारा, पण ते नको.

आमची लेक बारावीत. १ नोव्हेंबरला तिने एका कॉलेजला ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज केला. तुम्ही घेतलंत तर मी येणारच आणि बाकीचे अर्ज मागे घेईन, असं मुलांनी लिहून द्यायचं, खाली पालकांची आणि शाळेच्या कौन्सेलरची सही. त्यामुळे असा अर्ज एकाच ठिकाणी. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. पूर्वी म्हणे घरी पाकीट यायचं; जाड असलं तर प्रवेश, पातळ असलं तर नकार, फोडायचीही गरज नाही. आता संध्याकाळी ठरल्या वेळी पोर्टल उघडतं. प्रवेश मिळाला असेल तर बऱ्याच ठिकाणी पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. आमच्या पडद्यावर काही पडलं नाही. पत्र होतं, गोड भाषेतलं, आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘डिफर्ड’. म्हणजे घेतलं नाही, नाकारलंही नाही. अर्ज पुढच्या गठ्ठ्यात टाकला, उत्तर मार्चअखेर.

नाशिकला फोन लावला. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना समजावायला काही वेळ लागला नाही.

“म्हणजे आरएसी!”

“नाही हो बाबा, आरएसीवाल्याला गाडीत चढता तरी येतं. ही वेटिंग लिस्ट धरा.”

मागून लेक ओरडली, “आजोबा, वेटलिस्ट वेगळी! ती मार्चमध्ये मिळते!”

तेवढ्यात नणंदेने फोन घेतला आणि तिकडचा पहिला प्रश्न आलाच. “पण वहिनी, तिला टक्के किती आहेत?”

तिला काय सांगू? सीईटीला कितीही नावं ठेवा, कट-ऑफ भिंतीवर लागतो. आपण किती पर्सेंटाइलने हुकलो ते कळतं, दोन दिवस रडून पुढच्या कॅप राउंडचे पर्याय भरता येतात. इथे शाळेचे मार्क बघतात, काही कॉलेजं एसएटी या परीक्षेचे गुण मागतात, काही ऐच्छिक ठेवतात. शिक्षकांची पत्रं हवीत. साडेसहाशे शब्दांचा निबंध हवा. शाळेबाहेर काय काय केलं त्याच्या दहा ओळी, एकेका ओळीला दीडशे अक्षरं. लेकीने इतकी वर्षं शनिवारी सकाळी फूड बँकेत डबे लावले, ते दीडशे अक्षरांत बसवताना तिने स्वल्पविरामसुद्धा मोजून काढले. आणि एवढं सगळं देऊन नाही म्हणाले तर का नाही म्हणाले, ते कुणी सांगत नाही.

मला जाचतं ते हेच. नकार पचतो, पण कारणच नसेल तर आईबाप ते स्वतःच शोधत बसतात. नवरा म्हणाला, निबंध चुकला. तिने शाळेच्या बँडवर लिहिलं होतं: क्लॅरिनेटचा तिसरा भाग वाजवणाऱ्यांचा आवाज प्रेक्षकांना वेगळा ऐकू येत नाही, पण तो थांबला की बँड पोकळ वाटतो. मला तो वाचून भरून आलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, पहिला भाग वाजवणाऱ्याने लिहायला हवं होतं. यावर आमचं रीतसर भांडण झालं, लेकीने दार लावून घेतलं, आणि त्या रात्री पिठलं-भात तिघांनी तीन वेळांना खाल्ला.

सुट्टी अशीच गेली. बहुतेक कॉलेजांची नेहमीची शेवटची तारीख १ जानेवारीच्या आसपास, त्यामुळे शेजारी दिव्यांची माळ लुकलुकत असताना आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘आमचंच कॉलेज का?’ या प्रश्नाची उत्तरं लिहिणं चालू. प्रत्येक कॉलेजला वाटतं आपणच तिचं पहिलं प्रेम. नवऱ्याने तोवर खर्चाचा तक्ता काढला. नावाजलेल्या खाजगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात. फी माफ व्हावी इतका पगार कमी नाही आणि सहज भरावी इतका जास्त नाही, त्या मधल्या रांगेत आम्ही. घराजवळच्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात न्यू जर्सीच्या मुलांना याच्या निम्म्याहून कमी पडतं. तिथला अर्ज तिने नोव्हेंबरातच भरलाय. ‘रटगर्स काय वाईट आहे?’ हे वाक्य मात्र घरात अजून कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही. मला ते म्हणायचंय. मार्चच्या आधी म्हणेन, कारण नंतर म्हटलं तर ते सांत्वन वाटेल.

शेवटचा अर्ज ३० डिसेंबरला गेला. तर नातेवाइकांनो, मार्चअखेरपर्यंत फोन जरूर करा, फक्त टक्के विचारू नका. आणि ‘आता निवांत’ असंही म्हणू नका. पहिल्या सत्राचे मार्क शाळा कॉलेजांना पाठवते, आणि कॅल्क्युलसची परीक्षा जानेवारीत आहे.