परतीच्या पावसात अडकलेलं अपग्रेड: डेबियन १२ ते १३

आधी आजची स्थिती. घरचं मशीन डेबियन १३ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) वर आहे, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा ६.१२ आहे, एक्सएफसीई ४.२० हा डेस्कटॉप उघडतो, प्रिंटर छापतो, आणि डीपीकेजीला (पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) ऑडिट, म्हणजे काही अर्धवट राहिलंय का, विचारलं की तक्रारीची एकही ओळ येत नाही. फॉरमॅट मारून सिस्टिम नव्याने टाकलेली नाही. २०१७ मध्ये डेबियन ९ आलं तेव्हा बसवलेली तीच सिस्टिम १०, ११, १२ करत इथवर आली आहे. ती अखंड राहावी म्हणूनच हा सगळा खटाटोप केला.

ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, पण गणपतीच्या तोंडावर घरच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. चाकरमानी येतात, कुणाला रेल्वेचं तिकीट काढायचं असतं, कुणाला आरत्या छापून हव्या असतात. विसर्जन झालं, माणसं परतली, मग कामाला लागले. वेंगुर्ल्यात पावसाळ्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट असतं तेवढंच, म्हणून पॅकेजेस कुठून आणायची त्या सोर्सच्या यादीत बुकवर्मच्या (डेबियन १२ च्या) जागी ट्रिक्सी लिहून सगळी पॅकेजेस ‘डाउनलोड ओन्ली’ने आधी उतरवून घेतली. खरं अपग्रेड नंतर नेट बंद ठेवून सुरू केलं. निम्म्याच्या पुढे गेल्यावर परतीच्या पावसाने गाठलं. विजा कडाडल्या, लाईट गेली, यूपीएसने काही मिनिटं तग धरला आणि पॅकेजेस उलगडत असतानाच मशीन बंद पडलं.

सकाळी लाईट आल्यावर चालू केलं तर ग्रबने, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमने, जुनं ६.१ चं कर्नल उचललं. नवं कर्नल डिस्कवर उलगडलेलं होतं, पण कॉन्फिगर न झाल्यामुळे त्याची इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरू होताना लागणारी छोटी फाइल सिस्टिम) बनली नव्हती आणि ग्रबच्या यादीतही ते गेलं नव्हतं. त्यामुळे मशीन निदान काळ्या कन्सोलपर्यंत आलं. डेस्कटॉप नाही. एपीटीला (डीपीकेजीकडून काम करून घेणाऱ्या वरच्या प्रोग्रॅमला) काहीही बसवायला सांगितलं तर एकच उत्तर: डीपीकेजी मध्येच थांबलं आहे, आधी ‘डीपीकेजी कॉन्फिगर ऑल’ चालवा. ते चालवलं तर डीपीकेजी म्हणे, अमुक लायब्ररीच्या फाइल-यादीच्या शेवटी नवी ओळ नाही, पुढे जाऊ शकत नाही. तिथेच ठप्प.

पुण्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, “अगं, होम फोल्डर काढून ठेव आणि फॉरमॅट मार. तासाभराचं काम आहे.”

“दादा, होम वाचेल रे. पण आठ वर्षांत काय काय बसवलंय, कुठली सेटिंग कुठे बदललीय, ते सगळं जाईल. आणि नक्की काय मोडलंय ते कळणारच नाही.”

“मग बस शोधत. लागलं तर फोन कर.”

दुरुस्तीला हात घालण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून /व्हार/लिब/डीपीकेजी, /व्हार/बॅकअप्स आणि /ईटीसी हे तीन फोल्डर बाहेर कॉपी करून ठेवले. त्याच बैठकीत रूट पार्टिशनवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासायला) आणि डिस्कवर स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत बघायला) चालवलं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. खाऱ्या हवेने साटा केबलची टोकं आणि रॅमच्या पट्ट्या हिरवट पडतात, आणि मग डिस्कच्या चुका सॉफ्टवेअरच्या चुका वाटतात. कॅबिनेट उघडून दोन्ही जोड साफ केले. डिस्क ठणठणीत निघाली. एफएससीकेने फाइल सिस्टिम स्वच्छ असल्याचं सांगितलं.

या टप्प्यावर सर्रास दिला जाणारा एक सल्ला म्हणजे लॉक फाइल उडवा. तो मला साफ चुकीचा वाटतो. डीपीकेजीचं कुलूप फाइल असण्यात नसतं, चालू प्रोसेसने ती फाइल धरून ठेवण्यात असतं. मशीन बंद होऊन चालू झालं की ती पकड सुटलेलीच असते. फाइल तिथे दिसते म्हणून काही अडत नाही, आणि खरंच कुणी धरून ठेवली असेल तेव्हा ती उडवणं म्हणजे दोन प्रोसेसना एकाच वेळी डेटाबेसमध्ये लिहू देणं.

आपण सरसकट ‘एपीटी मोडलं’ म्हणतो, पण एपीटी वरचा थर आहे. कोणतं पॅकेज हवं, ते कुठून आणायचं, कोणत्या क्रमाने बसवायचं हे तो ठरवतो. तो डेबियनमध्ये १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून आहे. प्रत्यक्ष उलगडणं आणि बसवणं डीपीकेजी करतं, आणि ते त्याहून जुनं आहे. माझं एपीटी शाबूत होतं. अडलं होतं डीपीकेजी, आणि त्याची सगळी स्मृती साध्या मजकुराच्या फाइलींत असते. नॅनोसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते. मला डेबियन आवडतं त्याचं हे फार मोठं कारण आहे.

त्यातली मुख्य फाइल स्टेटस. प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि अवस्था तिच्यात असते. शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, आणि /व्हार/बॅकअप्समध्ये बदल झालेल्या दिवशीची एकेक प्रत जमा होत राहते. फाइलींतला फरक दाखवणाऱ्या डिफने सगळ्या प्रती ताडून पाहिल्या. स्टेटस फाइल धड होती. डीपीकेजीच्या यादीत ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेलं, ‘आययू’ म्हणजे उलगडलेलं पण कॉन्फिगर न झालेलं, ‘आयएफ’ म्हणजे कॉन्फिगर होताना अडलेलं, ‘आयएच’ म्हणजे अर्धवट बसलेलं. आययूची भली मोठी रांग होती, आयएच मोजकी.

खरा घोटाळा इन्फो फोल्डरमध्ये होता. तिथे प्रत्येक पॅकेजची एक लिस्ट फाइल असते. डिस्कवरची कोणती फाइल कुणाच्या मालकीची हे तीच सांगते, हा डीपीकेजीचा सातबाराच. वीज गेली तेव्हा ज्या याद्या लिहिल्या जात होत्या त्यांतल्या काहींत अक्षरांच्या जागी नुसते शून्य किमतीचे बाइट भरलेले होते. स्वस्त एसएसडीला वीज गेल्यावर कॅशमधलं वाचवण्याची सोय नसते, तेव्हा संशय तिच्यावर. असे शून्य बाइट शोधायला फाइलींत मजकूर शोधणारा ग्रेप पुरतो. शोधून त्या याद्या बाजूला काढल्या.

पण नुसता ग्रेप करून थांबू नका. काही याद्या पूर्ण रिकाम्या होत्या, लांबी शून्य. त्यांच्याबद्दल डीपीकेजी कुरकुरत नाही. या पॅकेजच्या मालकीची एकही फाइल नाही असं समजून ते पुढे जातं. यादीची फाइलच गायब असेल तर ऑडिट सांगतं, रिकाम्या यादीबद्दल माझ्या मशीनवर ऑडिटने चकार शब्द काढला नाही. अशी यादी तशीच राहिली तर पुढे ते पॅकेज काढताना त्याच्या फाइली डिस्कवर बेवारस पडून राहतात, आणि दुसरं पॅकेज त्यांच्यावर लिहू लागलं तरी इशारा मिळत नाही. त्रास कदाचित वर्षभराने होईल आणि तेव्हा कारण सापडणार नाही. धड यादीत निदान ‘/.’ ही पहिली ओळ असतेच, त्यामुळे ‘फाइंड’ला रिकाम्या लिस्ट फाइली विचारल्या की जे हाती लागतं ते सगळं संशयास्पद धरावं.

याद्या परत उभ्या करायला लागतो मूळ डेब, म्हणजे पॅकेजची उतरवलेली फाइल. एपीटी आज्ञा बसवून झाल्यावर उतरवलेली पॅकेजेस पुसून टाकते, पण इथे काम पुरं झालंच नव्हतं, त्यामुळे /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्जमध्ये सगळी डेब जशीच्या तशी होती. नेटची गरजच पडली नाही. डीपीकेजी-डेबच्या ‘एफएसवायएस-टारफाइल’ पर्यायाने आतला टार (फाइलींचा गठ्ठा) बाहेर ओतायचा, टारकडून त्याची यादी घ्यायची, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा टिंब काढायचा, फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ काढायची, पहिली ओळ ‘/.’ करायची. लायब्ररींच्या बाबतीत फाइलच्या नावात बहुतेकदा ‘:एएमडी६४’ असतं, ते विसरलं की डीपीकेजीला यादी सापडत नाही. शिवाय डेबची आवृत्ती आणि स्टेटसमधली आवृत्ती एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचं. जिथे स्टेटसमध्ये अजून जुनीच आवृत्ती होती तिथे यादी बनवत बसले नाही, नवं डेब सरळ पुन्हा उलगडलं. शेवटच्या काही मिनिटांत कोणकोणती पॅकेजेस हाताळली गेली ते डीपीकेजीच्या लॉगमध्ये वेळेसकट असतं. माझी संशयितांची यादी आणि तो लॉग तंतोतंत जुळले, तेव्हा जिवात जीव आला.

दुरुस्त केलेली सगळी पॅकेजेस एकदा पुन्हा उलगडून घेतली, म्हणजे माझ्या हातच्या यादीच्या जागी डीपीकेजीची स्वतःची यादी बसली. मग ‘कॉन्फिगर ऑल’. बरीच रांग पुढे सरकली आणि थोडी पॅकेजेस अवलंबित्वावर अडली. ट्रिक्सीत अनेक लायब्ररींच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागलं आहे. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून एआरएमसारख्या ३२ बिटी मशीनसाठी वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला, आणि नावं मात्र आपल्या ६४ बिटी मशीनवरही बदलली. अर्ध्यात थांबलेल्या अपग्रेडमध्ये जुन्या नावाची काही आणि नव्या नावाची काही पॅकेजेस एकाच वेळी असतात, ती एकमेकांना बाजूला व्हायला सांगत बसतात. इथे हाताने काही काढू नये. ‘फिक्स-ब्रोकन’ हे एपीटीचं काम आहे. त्याने जुनी नावं काढायचा प्रस्ताव मांडला, मी तो ओळ न् ओळ वाचला, डेस्कटॉपचं काही काढत नाही याची खात्री केली आणि हो म्हटलं. त्यानंतर पुन्हा ‘फुल-अपग्रेड’, आणि उरलेलं बिनतक्रार झालं.

शेवटी ‘डीपीकेजी व्हेरिफाय’ चालवलं. ते प्रत्येक फाइलचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, ताडून बघतं. ज्या ओळीत ‘सी’ येतो ती कॉन्फिगरेशनची फाइल, तिथला फरक बहुधा आपणच केलेला असतो. त्या सोडून काही फॉन्ट आणि एका लायब्ररीची फाइल वेगळी निघाली, ती पॅकेजेस पुन्हा बसवली आणि ती तक्रारही गेली. दादाला ऑडिटच्या रिकाम्या स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “तुझ्या त्या ग्रेपची ओळ मला पाठव, ऑफिसातल्या मशीनवर बघतो.”

बाकी राहिलंय ते यूपीएसचं. बॅटरी नवी बसवली आहे आणि मागे यूएसबीचं पोर्ट आहे, म्हणून आता एनयूटी हा यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम बसवतेय. बॅटरी उतरू लागली की मशीन आपोआप नीट बंद व्हावं, आणि यूपीएस बॅटरीवर असेल तर एपीटीने अपग्रेड सुरूच करू नये, हे दोन्ही हवं आहे. पहिलं एनयूटी करतं. दुसऱ्यासाठी एपीटीच्या ‘डीपीकेजी प्री-इनव्होक’मध्ये (डीपीकेजीला बोलावण्याआधी चालणाऱ्या आज्ञांत) एक छोटी स्क्रिप्ट लावून बघणार आहे. तिने शून्याखेरीज काही परत दिलं की एपीटी तिथेच थांबतं. कुणी असं आधीच करून ठेवलं असेल तर यूपीएसचं मॉडेल आणि ड्रायव्हर कळवा.