मांजर आपल्या नकळतही शिकत असते

पहाटे मांजर उशाशी येऊन ओरडू लागते, आपण अर्धवट झोपेत उठून तिच्या वाटीत खाणे टाकतो आणि ती शांत होते. एवढ्याशा व्यवहारात दोन्ही बाजूंना बक्षीस मिळालेले असते, तिला खाण्याचे आणि आपल्याला शांततेचे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तो व्यवहार पुन्हा घडतो. ‘मांजर काही शिकत नाही’ अशी तक्रार ऐकली की मला हा प्रसंग आठवतो, कारण माझ्या मते मांजर दिवसभर शिकतच असते आणि आपण नेमके काय शिकवतो आहोत, याकडे मात्र आपले लक्ष नसते.

या विषयाचा जुना अभ्यास मांजरांवरच झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना पेटीत बंद केले होते आणि एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला गेला की पेटीचे दार उघडून बाहेर ठेवलेले खाणे त्यांना मिळत असे. मांजर आधी ओरबाडत, चावत, धडपडत राही, मग योगायोगाने दार उघडे, आणि पुढच्या खेपांमध्ये सुटकेला लागणारा वेळ हळूहळू घटत जाई. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती टिकते, हा त्यांचा निष्कर्ष घरातल्या मांजरीलाही तंतोतंत लागू पडतो.

पहाटेच्या ओरडण्यावर उपाय करायचा असेल, तर प्रतिसाद देणे पूर्णपणे थांबवावे लागते. रागावणे हाही मांजरीच्या दृष्टीने प्रतिसादच असतो. अडचण अशी, की नेहमीचा मोबदला बंद झाल्यावर ओरडणे लगेच कमी होण्याऐवजी काही काळ वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी कंटाळून आपण उठलो, तर अधिक मोठ्याने आणि अधिक वेळ ओरडल्यावर खाणे मिळते, असा नवा धडा तिला मिळतो. त्यामुळे घरातील सर्वांनी आधी एकमत करून मगच हा उपाय सुरू करावा. सोबत रात्री झोपण्यापूर्वी दोरीला बांधलेल्या खेळण्यामागे तिला भरपूर पळवून लगेच जेवण दिले, तर बराच फरक पडतो, कारण मांजर स्वभावतः पहाटे व सायंकाळी अधिक सक्रिय असते आणि शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा तिचा नैसर्गिक क्रम आहे. नेहमी शांत असलेली मांजर अचानक ओरडू लागली असेल, तर मात्र आधी पशुवैद्याला दाखवावे.

सोफा ओरबाडण्याबाबत शिक्षेचा उपयोग होत नाही. पंजांतील ग्रंथींमुळे ओरबाडलेल्या जागी तिचा गंध उरतो, नखांवरची जुनी टरफले निघतात आणि अंगही ताणले जाते, म्हणजे ही तिची गरजच आहे. अंगावर पाणी उडवल्यास ती ओरबाडणे थांबवत नाही, आपण खोलीत असताना ओरबाडू नये एवढेच शिकते. त्यापेक्षा जाड दोरी गुंडाळलेला, न डगमगणारा आणि मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण अंग ताणता येईल इतका उंच खांब सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवावा. तो कोपऱ्यात दडवून ठेवला, तर ती त्याकडे फिरकतही नाही.

लिटर बॉक्सविषयी, म्हणजे मांजरीच्या शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या पेटीविषयी, थोडक्यात एवढेच, की तो मोठा, रोज साफ केलेला आणि खाण्याच्या जागेपासून दूर असावा, तसेच घरात जितकी मांजरे तितके अधिक एक, असे बॉक्स असावेत. बोका वारंवार बॉक्समध्ये बसूनही त्याला लघवी होत नसेल, तर तो शिस्तीचा प्रश्न नसून तातडीने दवाखान्यात नेण्याची वेळ असते.

सर्वांत उपयोगी शिक्षण मला कॅरियरचे, म्हणजे मांजरीला बाहेर नेण्यासाठीच्या दाराच्या पेटीचे वाटते, आणि नेमके तेच बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. कॅरियर केवळ दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून खाली येत असेल, तर तो दिसताच मांजर पलंगाखाली जाणार हे उघड आहे. त्याऐवजी तो उघड्या दारासह तिच्या वावरण्याच्या जागीच कायम ठेवावा, आत तिच्या अंगाचा वास असलेले कापड अंथरावे आणि तिचा आवडता खाऊ प्रथम दाराशी, नंतर थोडा आत आणि शेवटी अगदी मागच्या बाजूस ठेवत जावा. खाऊचा कण हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो, मात्र तो अपेक्षित कृतीनंतर क्षणभरात मिळायला हवा. ती आत निवांत बसू लागल्यावर दार काही क्षण लोटावे, ती अस्वस्थ होण्यापूर्वीच उघडावे आणि हा अवधी वाढवत न्यावा. त्यानंतर कॅरियर उचलून पुन्हा खाली ठेवणे, खोलीभर फिरवणे, जिन्यापर्यंत नेऊन परत आणणे, अशा पायऱ्या येतात. एखाद्या पायरीवर तिने खाऊ नाकारला, तर घाई झाली असे समजून आधीच्या पायरीवर परतावे. काही मांजरींना या सगळ्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून लसीकरणाची तारीख तोंडावर आल्यावर याची सुरुवात करू नये.