ड्रमातून डिझेल काढताना: चंद्रपूरचा मे आणि लेहचा जानेवारी

बारा व्होल्टचा ट्रान्सफर पंप दोन्हीकडे तोच, पण दुखणी वेगळी.

उन्हात आधी ड्रम सावलीत घ्या. तापमान २० अंशांनी वाढलं की २०० लिटर डिझेल साधारण सव्वातीन लिटर फुगतं, म्हणून ड्रम काठोकाठ भरू नये. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ३५ अंश आहे. मे महिन्यात तापलेला ड्रम तिथवर सहज पोचू शकतो. ‘डिझेल पेटत नाही’ हा समज घातक आहे. अर्थिंगची क्लिप आधी ड्रमाला, मगच नोझल उघडा. पंपावर लिहिलेली सलग चालवण्याची मर्यादा पाळा, बहुतेकांची अर्धा तास असते. उन्हात त्याआधीच थांबवलेला बरा.

लेहमध्ये मुख्य शत्रू मेण. साधं डिझेल गारठलं की त्यातलं मेण फिल्टरवर बसतं, पंप घरघरतो, पण धार येत नाही. तिथे २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल मिळतं, तेच वापरा. फिल्टरच्या वाटीतलं पाणी रोज संध्याकाळी काढा, नाहीतर रात्रीत बर्फ होतो. बॅटरी उबेत ठेवा, केबल जाड आणि आखूड घ्या. कडक झालेला होज वाकवू नका, चिरतो. आणि गोठलेल्या पंपाखाली स्टोव्ह? कधीच नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं बाहेरून गुंडाळा, मोटर आणि वायरिंग सोडून.