थंडीत ट्रकचा सेल्फ लागेना: बॅटरी क्लेमचा माझा अनुभव

गेल्या डिसेंबरात लाल कांदा भरून गाडी रात्री खळ्यावरच लावली होती. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. चावी फिरवली तर डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम मंद झाले आणि सेल्फ नुसता कट-कट करत राहिला. आम्ही निफाड तालुक्यातले, थंडी आम्हाला नवी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षवाले रात्रभर जागतात, बागेत शेकोट्या पेटवतात. पण गाडी अशी कधी अडली नव्हती. शेजारच्या ट्रकच्या बॅटरीवरून जाड तारांनी जंपर घेतला, गाडी लागली. त्या दिवसाचं तेवढ्यावर भागलं.

गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जेमतेम सव्वा वर्षाच्या. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून क्लेमला नेल्या आणि तिथंच माझे तीन आठवडे गेले.

क्लेमचं काउंटर अकराला उघडणार. वॉरंटी कार्ड, बिल, बिलावर गाडीचा नंबर, बॅटरीवरचा सीरियल नंबर, हे सगळं मी नेलं होतं. बिलावर दुकानाचा शिक्का पुसट म्हणून पहिल्या दिवशी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी शिक्का मारून गेलो, तर "बॅटऱ्या ठेवून जा, चार्ज करून बघू, परवा या". मला राग आहे तो याच वाक्याचा. जी बॅटरी पहाटे गाडीवर उतरते, ती आधी दोन दिवस चार्जिंगला लावायची आणि मग मीटर लावून बघायचं! चार्ज केल्यावर दोन्हींवर १२.६ व्होल्ट दाखवणारच. कार्डावर "ओके" लिहून त्यांनी बॅटऱ्या परत दिल्या. गाडी दोन दिवस उभी, भाडं दुसऱ्याला गेलेलं. चौथ्या पहाटे पुन्हा कट-कट.

पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी झाकणं उघडली. एका बॅटरीत पाणी कमी निघालं. "मेंटेनन्स नाही, ओव्हरचार्ज झालीय, डायनमो दाखवा, क्लेम बसत नाही." मी म्हटलं, अहो, दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर मीच घालतो, आणि पाणी कमी होतंय ते एकाच बॅटरीत, दुसरीत नाही, असं का? उत्तर नाही. दोन्ही बॅटऱ्या एकाच डायनमोवर चार्ज होतात, मग एकटीच कशी ओव्हरचार्ज होईल? एवढा एक प्रश्न त्या माणसानं स्वतःला विचारला असता तर माझे पुढचे बारा दिवस वाचले असते. डायनमो दाखवला, २८.२ व्होल्ट, २४ व्होल्टच्या गाडीला अगदी बरोबर. तो कागद घेऊन तिसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर.

शेवटी आमच्या गॅरेजच्या वायरमनदादांना हात जोडून पहाटे पाच वाजता खळ्यावर बोलावलं. ते म्हणाले, "भाऊ, बॅटऱ्यांना हात लावू नका, रात्रभर गाडी जशी आहे तशीच राहू द्या." पहाटे त्यांनी दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळे मीटर लावले आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. एक १०.४ वर थांबली, दुसरी थेट ७.८ वर आली. जंपरनं गाडी चालू झाल्यावर पुन्हा बघितलं, पहिलीवर १५.३ आणि दुसरीवर १२.९. बेरीज २८.२. म्हणजे डायनमो निर्दोष, पण एक बॅटरी उकळत होती आणि दुसरी उपाशी राहत होती.

कारण गाण्यांच्या टेपच्या मागं सापडलं. गाडी २४ व्होल्टची, बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. टेप आणि मोबाइल चार्जर बारा व्होल्टवर चालतात, म्हणून गाडी घेतली तेव्हा कोणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढली होती. रात्रभर क्लीनरचा मोबाइल, दिवसभर टेप, सगळा भार खालच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या, एकाच बॅटरीवर. ती रोज थोडी थोडी उतरत गेली, आणि डायनमोचा करंट दोघींतून सारखाच जात असल्यानं भरलेली वरची बॅटरी पाणी उडवत बसली.

मग उन्हाळ्यात कसं चाललं? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यासाठी इंजिन जोरात फिरायला हवं. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद कमी होते, शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा गळतो. अर्धमेली बॅटरी दुपारी गाडी काढून देते, पहाटे देत नाही. दुपारी बारा वाजता काउंटरवर ती "ओके" का दिसली, हे मला तेव्हा कळलं.

ती तार काढून टाकली, २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बसवला. खालच्या बॅटरीच्या प्लेटा गेल्या होत्या. दादांनी जोडीच बदलायला लावली, कारण जुनी-नवी एकत्र लावली की तोच घोळ पुन्हा सुरू होतो. पैसे खिशातून गेले. तार माझ्याच गाडीत होती, हे मला मान्य आहे. पण रोज शेकडो बॅटऱ्या बघणाऱ्या माणसानं "मधून बारा व्होल्ट घेतलेत का?" एवढं विचारायला हवं होतं.

क्लेमला जाणार असाल तर बॅटरी चार्ज व्हायच्या आधी गाडीवरच सेल्फ मारताना दोन्ही मीटरचा व्हिडिओ काढून ठेवा, वेळ दिसेल असा. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टीही खोलून घासून घ्या. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तिथं थोडा गंजही व्होल्ट खातो. माझ्या पट्टीखाली हिरवा थर निघाला.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल फिरवावं लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांत लागली नाही तर सोडा, मिनिटभर थांबून मग पुन्हा मारा. ऑइल चेंबरखाली जाळ करू नका, मी एक गाडी तशी पेटलेली पाहिली आहे.

आणि हे राहिलंच होतं, जंपर २४ व्होल्टच्या गाडीवरूनच घ्या आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना लावा. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असते, ती लावून उपयोग नाही. या जानेवारीत पहाटे सेल्फ मारताना मीटर लावून पाहिला, एकीवर १०.९, दुसरीवर १०.८.