फायर पॅनलची जुळणी: चार झोन, टिनाचं शेड आणि मे महिना

हिंगणघाटकडच्या आमच्या गावात वेचलेला कापूस विकेपर्यंत टिनाच्या शेडमध्येच असतो. त्या शेडसाठी घेतलेल्या चार झोनच्या कन्व्हेन्शनल फायर पॅनलचं (आग लागल्याची सूचना देणारी पेटी; झोन म्हणजे डिटेक्टरांची एकेक वेगळी लाईन) हार्डवेअर या टप्प्यात लागलं. पॅनल नागपूरच्या भंगारातलं, पण बोर्ड धडधाकट आहे.

पहिला झोन शेडला, दुसरा घराला. उरलेल्या दोन्हींच्या टर्मिनलवर ४.७ किलोओहमचे रेझिस्टर थेट लावले, नाहीतर वायर तुटली समजून पॅनल फॉल्ट दाखवत राहतं. वापरातल्या झोनचा रेझिस्टर मात्र शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्येच (डिटेक्टर फिरवून बसवायची बैठक) हवा. फॉल्टचा दिवा विझावा म्हणून तो पॅनलमध्येच टाकून मोकळे होणारे पुष्कळ पाहिलेत. मग पुढची वायर उंदरांनी कुरतडली तरी पॅनलला पत्ता लागत नाही. वायरही एका बेसमधून दुसऱ्यात अशी सलग नेली, मधूनच फाटा काढला नाही. कोणताही डिटेक्टर फिरवून काढला की पिवळा दिवा लागतो आणि बझर सुरू होतो. प्रत्येक बेसवर हे करून बघितलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डिटेक्टरच्या निवडीनं. कापसाच्या धुळीत स्मोक डिटेक्टर टिकत नाही, म्हणून हीट डिटेक्टर. पण ईएन ५४-५ या युरोपीय मानकातला ए-१ वर्ग फार तर ५० अंशांपर्यंतच्या जागेसाठी असतो आणि ५४ ते ६५ अंशांत वाजतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या पोटाशी तर हात लाववत नाही. म्हणून बी वर्ग घेतला: जागा ६५ अंशांपर्यंत, वाजणं ६९ ते ८५ मध्ये. आग थोडी उशिरा कळेल हे मान्य. पण भर दुपारी उगाच वाजणारी घंटा लोक कायमची बंद करतात, तो धोका मला जास्त मोठा वाटतो. शिवाय कापूस आतल्या आत धुमसतो, ते हीट डिटेक्टरला लवकर कळत नाही. त्याचा वास आधी माणसालाच येतो, म्हणून दाराशी मॅन्युअल कॉल पॉइंट (हातानं घंटा सुरू करायचं बटण) लावला.

घंटा जुनी, आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) नसलेली. पॅनल एरवी उलट्या पोलॅरिटीनं ती लाईन तपासत असतं, त्यामुळे त्याला ती शॉर्टच दिसते. पॉझिटिव्ह वायरमध्ये १एन४००७ डायोड टाकला, त्याच्यावरची पट्टी घंटेकडे. काम झालं.

मोठे बाबा बघायला आले, त्यांचा पहिला प्रश्न: "लाईन गेली तं हे बंद पडन काय रे?" अगदी मुद्द्याचा प्रश्न! शांत पॅनल बॅटरीतून ८० मिलिअँपिअर ओढतं. ४८ तासांचे ३.८४ अँपिअर-तास, वर अर्धा तास घंटेचे ०.२५; बॅटरी जुनी होते म्हणून सव्वापट धरलं तरी ५.१. बारा व्होल्टच्या ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये पुरतात.

मात्र बॅटरीलाही ऊन बाधतं. पॅनल शेडमध्ये न लावता घराच्या ओसरीत लावलं ते त्यासाठीच. चार्जरचे २७.३ व्होल्ट २५ अंशांसाठी ठीक. तापमान वाढलं की दर सेलमागे, दर अंशाला साधारण ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. बारा सेल, ओसरीतले ४० अंश, म्हणजे अर्धा व्होल्ट खाली. बॅटरी सोडवून, मल्टिमीटर लावून चार्जरचा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) २६.८ वर आणला. पावसाळा लागला की परत वर न्यायचा.

पुढच्या टप्प्यात मेन बंद करून पॅनल दोन दिवस नुसत्या बॅटरीवर ठेवायचं आणि शेवटी अर्धा तास घंटा वाजवून व्होल्टेज मोजायचं. आकडे इथेच टाकीन.